गाठ गळ्यात, मग काउंट का वाढला?

रक्त आणि रक्ताच्या तपासण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांना वीस-बावीस वर्षांपासून गलगंड होता. दुखत नव्हता, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दिवाळीनंतर गाठ एकदम वाढायला लागली. महिनाभरात आवाज बसला, मग पाणी पितानासुद्धा ठसका लागू लागला. बायोप्सीत ॲनाप्लास्टिक थायरॉइड कॅन्सर असं निदान आलं. पण आमचा खरा गोंधळ रक्ताच्या रिपोर्टमुळे झालाय. पांढऱ्या पेशी ३८,४००, त्यात न्यूट्रोफिल ९१ टक्के, लिम्फोसाइट ५ टक्के. हिमोग्लोबिन ९.१. प्लेटलेट ६ लाख २० हजार. ताप नाही. इन्फेक्शन असेल म्हणून दहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिलं, मध्ये एकदा बदललंही. काउंट उतरायचा सोडून ४४,००० झाला. पेट स्कॅनमध्ये मणके, कंबरेची हाडं आणि प्लीहा यांत 'अपटेक वाढलेला' असं लिहिलंय. एक नातेवाईक म्हणतात, हा ब्लड कॅन्सरसुद्धा आहे. एका ठिकाणी सांगितलं, काउंट नॉर्मल झाल्याशिवाय पुढचे उपचार सुरू करता येणार नाहीत. म्हणून आम्ही थांबलोय. काउंट उतरवायला काही काढा, पथ्य आहे का? आणखी एक, घरात कुणासमोर विचारता येत नाही म्हणून तुम्हाला विचारते. आमच्या हातात किती वेळ आहे?

— एक वाचक, सांगली जिल्हा (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्यावर आधी तुम्हाला फोन केला, कारण हा अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत थांबणं योग्य नव्हतं. फोनवर बोलले तेच इथे सविस्तर लिहिते. माझ्याकडे अशा अर्थाची पत्रं आधीही आली आहेत आणि त्या सगळ्यांत 'थांबलोय' हा शब्द आहे. त्या शब्दाची मला फार काळजी वाटते.

सगळ्यात आधी श्वासाचं बोलू. झोपल्यावर किंवा श्वास आत घेताना घशातून घरघर, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर ती गाठ श्वासनलिका दाबते आहे. अशा वेळी काउंटचा विचार बाजूला ठेवायचा आणि रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जायचं. ॲनाप्लास्टिक कॅन्सरची गाठ आठवड्याआठवड्याने वाढते. थायरॉइडच्या नेहमीच्या पॅपिलरी कॅन्सरसारखी ती वर्षानुवर्षं शांत बसत नाही. थायरॉइडच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हा प्रकार एक-दोन टक्केच असतो, पण थायरॉइड कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा वाटा फार मोठा आहे. निदान होतं त्या दिवसापासूनच त्याला चौथी स्टेज म्हणतात, गाठ गळ्यापुरती असली तरीही. अनेकदा तो जुन्या गलगंडात किंवा आधीपासून असलेल्या साध्या थायरॉइड कॅन्सरमध्ये उद्भवतो. सासूबाईंच्या बाबतीत घडलेलं दिसतं ते असंच.

आता तुमचा काउंट. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. ३८,४०० हा आकडा पाहिला की कुणाच्याही मनात पहिल्यांदा इन्फेक्शन येतं, आणि येणं बरोबरच आहे. तुमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं यात काही चुकलं नाही. ठसका लागणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात अन्नाचे, पाण्याचे कण जाऊन न्यूमोनिया होतो. गाठीचा आतला भाग सडून त्यात जंतू शिरू शकतात. आपल्याकडे क्षयही विसरून चालत नाही. पण रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढलं नाही, छातीचा स्कॅन स्वच्छ आहे, ताप नाही, आणि दहा दिवस औषध देऊन काउंट वर चढतोय, असं असेल तर तिसरं अँटिबायोटिक लावण्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. हा काउंट गाठच तर वाढवत नाही?

काही कॅन्सर स्वतः एक प्रथिन तयार करून रक्तात सोडतात. त्याचं नाव जी-सीएसएफ. हे प्रथिन एरवीही आपल्या शरीरात असतं. जंतू शिरले की ते वाढतं आणि हाडांच्या मज्जेला न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बनवायला लावतं. लग्नघरी पंगत उठून गेल्यावरही कुणीतरी आचाऱ्याला सारखा निरोप पाठवत राहावा की आणखी शंभर पानं वाढायची आहेत, तसं या गाठी करतात. मज्जा बिचारी निरोगी असते. तिला आलेला निरोप खोटा असतो. थायरॉइडच्या ॲनाप्लास्टिक कॅन्सरमध्ये हे घडतं, हे जगभरातल्या आणि विशेषतः जपानमधल्या डॉक्टरांनी कित्येकदा नोंदवलं आहे. फुप्फुस, मूत्राशय, तोंड, घसा यांच्या कॅन्सरमध्येही ते दिसतं. काही गाठी जी-सीएसएफबरोबर इंटरल्युकिन-६ नावाचं दुसरं रसायनही सोडतात. ते यकृताला थ्रोम्बोपोइटिन बनवायला लावतं आणि प्लेटलेट वाढतात. सासूबाईंच्या ६ लाख २० हजार प्लेटलेटचा अर्थ तिथे लागू शकतो. हेच इंटरल्युकिन-६ यकृतातून हेप्सिडिन सोडायला लावतं, आणि हेप्सिडिन शरीरातलं लोह कोठारात कुलूपबंद करून ठेवतं. म्हणजे हिमोग्लोबिन ९.१ असण्याचंही एक कारण त्याच गाठीपर्यंत पोचतं. दुसरं कारण अर्थातच पोटात पुरेसं न जाणं. तीन आकडे, तिन्ही बिघडलेले, आणि मूळ एक.

या प्रथिनाची कथा मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिचा तुमच्या सासूबाईंशी थेट संबंध आहे. १९७७ मध्ये शिगेताका असानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका मानवी गाठीचा तुकडा, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये वाढवला. उंदरांच्या पांढऱ्या पेशी वाढल्या. उंदरांच्या रक्तात आणि त्या गाठीतही न्यूट्रोफिल वाढवणारं द्रव्य सापडलं. पुढे १९८६ मध्ये जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने आणि अमेरिकेत लॉरेन्स सूझा यांच्या गटाने त्या द्रव्याचं जनुक वेगळं काढलं. एकाने तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींतून, दुसऱ्याने मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींतून. १९९१ मध्ये अमेरिकेत ते फिलग्रास्टिम या नावाने औषध म्हणून मंजूर झालं. आज केमोथेरपीनंतर काउंट पडला की पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली जे इंजेक्शन देतात, ते हेच. जगभरातल्या केमोच्या रुग्णांना जंतुसंसर्गातून वाचवणारं औषध कॅन्सरच्या गाठींनीच दाखवून दिलं. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या मला यात फार मोठं आश्वासन वाटतं. गाठ काय करते ते नीट पाहणारा कुणी असेल, तर त्या पाहण्यातून काहीतरी हाती लागतं.

तर पाहायचं कसं? ताई, तुमच्या रिपोर्टच्या कागदावर सगळे आकडे यंत्राने काढलेले आहेत. माझी पहिली विनंती अशी, की रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून एखाद्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टने तो सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावा. याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. ही तपासणी स्वस्त आहे, तासाभरात होते, आणि पेट स्कॅनपेक्षा या प्रश्नाचं उत्तर ती लवकर देते. गाठीने वाढवलेल्या काउंटमध्ये बहुतेक पेशी पूर्ण वाढ झालेल्या न्यूट्रोफिल असतात, थोड्या अर्धवट वाढीच्या. अगदी कोवळ्या ब्लास्ट पेशी नसतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरमध्ये बेसोफिल नावाच्या पेशी वाढतात, अर्धवट वाढीच्या मायलोसाइट पेशींची गर्दी असते आणि प्लीहा बऱ्याचदा हाताला लागेल इतकी मोठी होते. तरीही शंका राहिली तर दंडातून काढलेल्या रक्तावरच बीसीआर-एबीएल जनुकाची तपासणी करता येते. ती निगेटिव्ह आली की हा ल्युकेमिया बाजूला होतो. तेवढ्यासाठी थकलेल्या बाईंच्या कंबरेच्या हाडात सुई घालायची गरज नाही. मात्र स्मिअरमध्ये केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी आणि अश्रूच्या थेंबासारख्या आकाराच्या पेशी दिसल्या, तर कॅन्सर मज्जेत पोचल्याची शंका येते आणि मग मज्जेची तपासणी करणं योग्य ठरतं.

तुम्ही कळवलेल्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार टक्केवारीत, बेसोफिल किंवा ब्लास्ट यांचा उल्लेख नाही. न्यूट्रोफिल ९१ टक्के आहेत. मी स्मिअर पाहिलेला नाही, म्हणून शिक्कामोर्तब करणार नाही. पण तुमच्या नातेवाइकांनी सांगितलेल्या ब्लड कॅन्सरकडे हे आकडे बोट दाखवत नाहीत, असं मी फोनवर म्हटलं आणि इथेही म्हणते.

स्टेरॉइडविषयी मात्र तुम्हाला तुमच्या डॉक्टरांना विचारावं लागेल. गळ्याची सूज कमी करायला डेक्सामेथासोन देतात. ते दिलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटे होऊन प्रवाहात येतात आणि काही तासांत काउंट वाढतो. लिम्फोसाइट त्याच वेळी कमी होतात. फक्त स्टेरॉइडमुळे ४४,००० सहसा होत नाही, पण १८,००० चे २४,००० झाले तर घाबरून अँटिबायोटिक बदलायचं कारण नसतं. म्हणून प्रत्येक सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर, त्या दिवशी स्टेरॉइड चालू होतं का, हे पेनाने लिहून ठेवा. फाइल चार डॉक्टरांकडे फिरते तेव्हा ही एक ओळ फार कामाला येते.

इन्फेक्शन ओळखण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिन नावाची तपासणी सांगतील. ती उपयोगी आहे. सीआरपी हे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन इथे तितकं कामाचं नाही, कारण गाठ स्वतःच ते वाढवते. पण थायरॉइडच्या रुग्णांत प्रोकॅल्सिटोनिनबाबत एक अपवाद आहे. थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरमध्ये इन्फेक्शन नसतानाही ते वाढतं. तेव्हा बायोप्सीचं निदान पक्कं असणं महत्त्वाचं. ते आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. थायरॉइडचा लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर, हासुद्धा असाच झपाट्याने गळा भरतो आणि तो बऱ्याचदा औषधांनी छान वितळतो. बायोप्सीच्या ब्लॉकवर विशेष रंग लावून लिम्फोमा नाही याची खात्री केलेली आहे का, हे रिपोर्टमध्ये शोधा. नसेल तर विचारा.

पेट स्कॅनमधल्या त्या ओळीने तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलं असणार. पेट स्कॅन जिथे साखर जास्त वापरली जाते ती जागा उजळ दाखवतो. मज्जा रात्रंदिवस न्यूट्रोफिल बनवत असेल तर ती साखर वापरणारच. सगळे मणके, कंबरेची हाडं आणि प्लीहा एकसारखे उजळलेले असतील, तर ते बहुधा जी-सीएसएफने कामाला लावलेल्या मज्जेचं चित्र असतं. केमोच्या रुग्णाला फिलग्रास्टिमचं इंजेक्शन दिल्यावर अगदी असंच दिसतं. हाडांत पसरलेला कॅन्सर सहसा ठिपक्यांनी, इथे एक तिथे एक, असा दिसतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हणून न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना काउंट ४४,००० आहे हे सांगून स्कॅन पुन्हा पाहायला सांगा. स्कॅन वाचताना त्यांच्यासमोर सीबीसी होता की नव्हता, यावर रिपोर्टची भाषा बदलते.

आता 'काउंट नॉर्मल झाल्याशिवाय उपचार नाहीत' या वाक्याकडे येते. खरं इन्फेक्शन असेल, तर केमो थांबवणं बरोबर आहे. पण काउंट गाठीने वाढवलेला असेल, तर तो उतरवायचा मार्ग एकच, गाठीवर उपचार. ज्या रुग्णांची गाठ काढता आली, त्यांच्यापैकी अनेकांचा काउंट शस्त्रक्रियेनंतर भराभर खाली आल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. न्यूट्रोफिल रक्तात काही तासच राहतात, त्यामुळे निरोप थांबला की गर्दी ओसरायला वेळ लागत नाही. गाठ परत आली की काउंट पुन्हा चढतो, हेही पाहिलेलं आहे. म्हणून हा काउंट पुढे उपचार लागू पडतोय का हे सांगणारा एक साधा मापक ठरू शकतो. आणि तुमच्या सगळ्यांच्या मनात भीती असेल म्हणून सांगते, या पूर्ण वाढलेल्या न्यूट्रोफिलमुळे रक्त घट्ट होऊन बसण्याचा प्रकार फार विरळा. ल्युकेमियातल्या कोवळ्या पेशींसारख्या त्या वागत नाहीत. काउंट उतरवण्यासाठी वेगळी गोळी द्यायची नसते.

काढाही नको. गुळवेल, पपईच्या पानांचा रस, कशानेही गाठीतून सुटणारं जी-सीएसएफ थांबत नाही. आणि ज्यांच्या आवाजाची नस दबलेली आहे त्यांच्या फुप्फुसात पातळ पदार्थ सगळ्यात आधी उतरतात. काढ्याचा एक ठसका खरोखरच न्यूमोनिया करू शकतो, आणि मग ज्या इन्फेक्शनला आपण शोधत होतो ते समोर येऊन उभं राहतं. घट्ट खिमट, दाट पेज, दही, मऊ शिजवलेला मुगाचा भात, उकडलेलं अंडं चालत असेल तर कुस्करून. सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली, एका वेळी अर्धा चमचा. वजन उतरत असेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालण्याविषयी आजच बोला. नळी घातली म्हणजे सगळं संपलं, असं आपल्याकडे घरात वाटतं. खरं तर नळीमुळे उपचार सोसायला अंगात बळ राहतं.

तुमच्या फाइलमध्ये मला एक तपासणी दिसली नाही, ती कॅल्शियमची. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या काही गाठी कॅल्शियमसुद्धा वाढवतात. सासूबाईंना शौचाला अडकतंय, तहान फार लागते, लघवी खूप होते, दिवसा गुंगी येते किंवा असंबद्ध बोलतात, असं होत असेल तर ते 'वयामुळे' किंवा 'धसका घेतल्यामुळे' म्हणून सोडून देऊ नका. कॅल्शियम आणि अल्ब्युमिन तपासा. सलाईन आणि झोलेड्रोनिक ॲसिडच्या इंजेक्शनने माणूस बऱ्याचदा काही दिवसांत शुद्धीवर येतो, घरच्यांशी बोलू लागतो. मी हे इतक्या आग्रहाने लिहिते कारण या आजारात घरच्यांशी बोलता येण्याचे दिवस मोलाचे असतात आणि ते कॅल्शियममुळे वाया जाऊ नयेत. प्लेटलेट वाढलेल्या आणि अंथरुणावर असलेल्या रुग्णाच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, तेव्हा एकच पोटरी सुजली, दुखली तर तेही त्याच दिवशी दाखवा. लोहाच्या गोळ्या मात्र फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, पाहिल्याशिवाय सुरू करू नका. लोह कोठारात भरलेलं असताना वरून आणखी दिल्याने हिमोग्लोबिन वाढत नाही, पोट मात्र बिघडतं.

आणि उपचार? बायोप्सीच्या नमुन्यावर बी-रॅफ व्ही६००ई या जनुकातल्या बदलाची तपासणी आजच्या आज पाठवा. दर चार-पाच ॲनाप्लास्टिक रुग्णांत निदान एकाकडे तो सापडतो. रंग लावून केली जाणारी त्याची तपासणी काही दिवसांत होते, जनुकांच्या मोठ्या पॅनेलसाठी महिनाभर बसावं लागत नाही. बदल सापडला तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांची जोडी देता येते. २०१८ मध्ये अमेरिकेत या कॅन्सरसाठी त्यांना मंजुरी मिळाली, आणि सुरुवातीच्या रुग्णांत अर्ध्याहून अधिक जणांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. आधी गोळ्यांनी गाठ आकसवून मग शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने दाखवला. या गोळ्यांनी ताप येतो, तेव्हा गोळ्या सुरू असताना ताप आला तर डॉक्टरांना लगेच कळवा, पण तो इन्फेक्शनचाच असेल असं धरून चालू नका. गोळ्या महाग आहेत. बदल नसेल, तर शस्त्रक्रिया शक्य आहे का, रेडिएशन आणि केमो झेपेल का, हे पाहिलं जातं. किरणोत्सारी आयोडीनचा मात्र इथे उपयोग होत नाही. या पेशी आयोडीन घेण्याचं विसरलेल्या असतात. ज्या केंद्रात गळ्याचे सर्जन, रेडिएशनचे आणि औषधांचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात तिथे जा. मुंबईचं टाटा मेमोरियल हे एक. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेली केंद्रं राज्यात इतरत्रही आहेत, मिरज-कोल्हापूरच्या जवळ कोणतं सोयीचं पडेल ते तुमच्या डॉक्टरांकडून कळेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

तुमचा शेवटचा प्रश्न मी टाळणार नाही. तोक्योच्या कर्करोग रुग्णालयातले सर्जन इवाओ सुगितानी यांनी २००१ मध्ये या आजारासाठी चार प्रश्नांची एक मोजणी मांडली. लक्षणं महिनाभरात झपाट्याने वाढली का, गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, आजार दूर पसरला आहे का, आणि पांढऱ्या पेशी १०,००० किंवा त्याहून जास्त आहेत का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. जेवढे गुण जास्त, तेवढा वेळ कमी. म्हणजे साधा सीबीसी तिथे इतक्या मोठ्या प्रश्नाच्या उत्तरात सामील आहे. पुढे जपानमधल्या ६७७ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यात निम्मे रुग्ण चार महिन्यांच्या आत गेले होते आणि वर्षभराने पाचांतल्या एकापेक्षाही कमी जण उरले होते. ही माणसं बी-रॅफच्या गोळ्या येण्याआधीची होती. ज्यांना त्या गोळ्या देता येतात त्यांचं चित्र आज वेगळं आहे, काहीजण वर्षाच्या पुढे गेले आहेत. पण सासूबाईंची लक्षणं महिनाभरातली आहेत, काउंट ४४,००० आहे. बदल सापडला नाही तर आपण महिन्यांच्या हिशेबात बोलतोय, वर्षांच्या नाही.

हे तुमच्या पतीला सांगायला हवं, आणि सासूबाई विचारतील तेवढं त्यांनाही. श्वासासाठी गळ्यात नळी बसवायची वेळ आली तर त्यांना ती हवी आहे का, हे त्यांचा आवाज पुरता जाण्याआधी त्यांच्या तोंडून ऐका. तो निर्णय रात्री दोन वाजता इमर्जन्सीच्या दारात मुलावर पडू नये. वेदना आणि धाप यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना आत्तापासूनच बोलवा, उपचार चालू असतानाच. मॉर्फिनला घाबरू नका.

प्रश्न : माझ्या पत्नीचा पॅपिलरी थायरॉइड कॅन्सर ऑपरेशनने काढला, नंतर किरणोत्सारी आयोडीन दिलं. पाच आठवड्यांनी तपासलं तर पांढऱ्या पेशी ३,२०० आणि प्लेटलेट १ लाख २८ हजार. आजार मज्जेत गेला का?

— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, ही वेगळी गोष्ट आहे आणि बरीच हलकी. आयोडीनचे किरण रक्तातून फिरताना मज्जेलाही थोडे लागतात. काउंट चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सगळ्यात खाली जातो आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचा आपोआप भरून येतो. तुमची तपासणी नेमकी त्या खालच्या टप्प्यात झाली. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा करा. ताप आला, अंगावर काळेनिळे डाग उठले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर आधी करा. पुढे आयोडीनचे आणखी डोस द्यायची वेळ आली तर प्रत्येक डोसआधी सीबीसी झालेला असावा आणि आजवर एकूण किती मिलिक्युरी दिलं, याची नोंद फाइलच्या पहिल्या पानावर असावी.

प्रश्न : बहिणीला थायरॉइड वाढल्यामुळे पाच आठवड्यांपासून कार्बिमॅझोल चालू आहे. कालपासून १०२ ताप आणि घसा इतका दुखतोय की थुंकी गिळवत नाही. गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हटलं. गोळी चालू ठेवायची ना?

— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : यांनाही त्याच दिवशी फोन केला. हे छापतेय ते इतरांसाठी. कार्बिमॅझोल ही थायरॉइडचं हार्मोन कमी करणारी गोळी. ती घेणाऱ्या हजारातल्या दोन-चार जणांच्या न्यूट्रोफिल अचानक जवळजवळ संपतात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. पहिली खूण हीच, ताप आणि घसा. गोळी त्याच क्षणी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी आणि डिफरन्शियल करायचं, आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर रुग्णालयात दाखल व्हायचं. काउंट चांगला आला तर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करू शकतात. बहिणीच्या न्यूट्रोफिल २१० निघाल्या. ती दाखल झाली, अँटिबायोटिक आणि फिलग्रास्टिम दिलं, आठवड्याने काउंट वर आला. तिला पुन्हा कार्बिमॅझोल किंवा त्याच्या जातीची दुसरी गोळी देऊ नये, हे तिच्या फाइलवर लाल शाईने लिहून घ्या.